इस्रायलचे ‘दहा हरवलेले वंश’ म्हणजे नेमके कोण?

ज्यूंचा धर्मग्रंथ असलेल्या हिब्रू बायबलनुसार इस्रायलचे बारा वंश याकोब या पूर्वजापासून चालत आले. इस्रायलचा राजा शलमोन याच्या मृत्यूनंतर प्रजेने त्याचा मुलगा रहबाम याला कामाचे जोखड हलके करण्याची विनंती केली. तेव्हा वडीलधाऱ्यांचा सल्ला धुडकावून सवंगड्यांचे ऐकणाऱ्या या नव्या राजाने ‘बापाने तुम्हाला चाबकांनी शिक्षा केली, मी विंचवांनी करीन’ अशा अर्थाचे उद्दाम उत्तर दिले आणि उत्तरेकडील दहा वंश फुटून निघाले. यरुशलेमच्या गादीशी मुख्यतः यहूदा व बन्यामीन हे दोनच वंश एकनिष्ठ राहिले.

उत्तरेच्या राज्याची राजधानी शोमरोन इ.स.पू. ७२२च्या सुमारास अश्शूर (असिरिया) या साम्राज्याच्या हाती पडली आणि तेथील लोकांना दूरच्या प्रांतांत नेऊन वसवण्यात आले. हेच ते ‘हरवलेले’ वंश. मात्र अश्शूरचा राजा दुसरा सारगोन याच्या लेखांत सुमारे २७ हजार बंदिवानांचीच नोंद आहे, म्हणजे पुष्कळ प्रजा मागेच राहिली असणार; त्यामुळे दहाच्या दहा वंश नाहीसे झाले, हे परंपरेचे कथन शब्दशः घेणे मला योग्य वाटत नाही.

दक्षिणेकडे उरलेल्या यहूदाच्या राज्याचे लोकही पुढे इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलला (बॅबिलोनला) नेले गेले, परंतु इराणच्या कोरेश राजाच्या परवानगीने त्यांच्यापैकी अनेक जण परतले. कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाचा संबंधही काही जण या दहा वंशांशी जोडतात.