खांब मोजत पाच किलोमीटर

प्रश्न : सर, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. तालुक्याच्या गावी 26 जानेवारीला सकाळी पाच किलोमीटरची दौड असते. यंदा आमच्या लेकीनं हट्ट धरलाय, घरच्या सगळ्यांनी मिळून धावायचं. ती पाचवीत आहे. मी 34 वर्षांची, शेतात राबते, पण शाळा सुटल्यापासून धावले नाही. यजमान तयार आहेत, पण थोडं धावलं की त्यांना दम लागतो. सासूबाई 62 वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी पायी दिंडीत शेगावला जाऊन आल्या, आता मात्र शुगरची गोळी चालू आहे. धाकटे भाऊजी पोलीस भरतीची तयारी करतात. ते म्हणतात, "तुमच्यासंगं धावलो तं माहा नंबर जाईन." हातात पाच आठवडे आहेत, त्यातच कापसाची वेचणी. जमेल का? आणि गावातले लोक काय म्हणतील, हीही धास्ती आहे.

उत्तर : ताई, जमेल. पण 'मिळून' म्हणजे काय, ते घरात आधी बोलून घ्या. मिळून धावायचं तर ज्याचा पाय सगळ्यात हळू, त्याच्या पायानं सगळ्यांनी जायचं. हे मान्य नसेल तर दोन तुकड्या करा. कोण कोणासोबत, हे शिट्टी वाजायच्या आधी पक्कं हवं. वाटेत बघू म्हटलं की कुणीतरी मागं सुटतंच.

हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. मी शाळेत क्रीडाशिक्षक होतो. माझी लेक अकरा वर्षांची असताना अशाच एका 26 जानेवारीला आम्ही दोघं धावलो. निघताना तिनं विचारलं होतं, "बाबा, सोबतच ना?" मी हो म्हणालो. तिसऱ्या किलोमीटरला माझ्या वयोगटातले दोघेच पुढे दिसले आणि मला हाव सुटली. "तू ये मागून," म्हणालो आणि पळालो. ढाल मिळाली. ती घेऊन उलटा गेलो, तर लेक नाल्याच्या पुलावर कठड्याला टेकून उभी. एका पायात बूट, दुसरा हातात, टाचेवरचा फोड फुटून मोजा ओला झालेला. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "मले पुढचा रस्ता माहीत नव्हता." आज तिला स्वतःचं लेकरू आहे. ती ढाल मी कधी भिंतीला लावली नाही.

तुमच्या भाऊजींचं म्हणणं मला पटतं. भरतीत पोरांना 1600 मीटर धावावं लागतं, तिथं सेकंदासेकंदाला गुण आहेत. त्यांना मोकळं सोडा, जीव तोडून धावू द्या. फक्त एक कबूल करून घ्या. रेघ ओलांडली, पाणी प्यायलं, की त्यांनी उलट चालत यायचं आणि शेवटच्या किलोमीटरला आईच्या बाजूला लागायचं. जोरात धावल्यावर एकदम बसण्यापेक्षा असं चालणं त्यांच्या पायांनाही चांगलं. उरलेल्या चौघांची एक तुकडी. तिचा वेग सासूबाई ठरवतील, लेक नाही आणि तुम्हीही नाही.

आता सराव. आठवड्यातून तीन दिवस पुरे, एकाआड एक. गावाबाहेरच्या रस्त्यावर विजेचे खांब असतात, ते धरून चला. पहिल्या आठवड्यात एक खांब धावायचं, दोन खांब चालायचं, असं अर्धा तास. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक धावायचं, एक चालायचं. चौथ्यात जमलं तर दोन धावून एक चाला, नाही जमलं तर आहे तिथंच राहा. दौडीच्या आठवड्यात दोनच दिवस हलकं धावून थांबा. सासूबाईंनी धावायचंच नाही, झपाझप चालायचं. तुम्ही तिघं पुढच्या खांबापर्यंत धावा आणि त्या येईपर्यंत परत त्यांच्याकडे वळा. पायी शेगाव गाठलेल्या बाईला पाच किलोमीटरचं ओझं नाही, साधारण तासाभरात त्या पोचतील.

वेग बरोबर आहे का, हे ओळखायला घड्याळ नको. लेकीला धावताना बाराचा पाढा म्हणायला लावा. बारा सक बहात्तरपर्यंत आवाज सलग निघाला तर ठीक. मध्येच श्वासासाठी थांबली तर चालायला लागा. यजमानांना दम लागतो, त्याचं कारणही बहुतेक हेच, ते सुरुवातीलाच जोरात सुटत असतील. मात्र छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, चक्कर आली, तर तिथंच थांबायचं आणि दवाखाना गाठायचा. चाळिशीच्या आसपास असतील तर सरावाआधीच एकदा बीपी बघून घ्या.

वेचणीचं विसरू नका. दिवसभर वाकून कापूस वेचला असेल तर त्या संध्याकाळी धावू नका, कंबर आधीच धरलेली असते. सरावाची सकाळ निवडा, पण उजाडल्यावर. या दिवसांत धुकं असतं आणि जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या अंधारातच निघतात. रस्त्याच्या उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

सासूबाईंबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माझी खरी काळजी तिथंच आहे. या आठवड्यातच त्यांना आरोग्य केंद्रात न्या. शुगर, बीपी तपासून घ्या आणि त्या सकाळची गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांनाच विचारा. शुगरच्या काही गोळ्या अशा आहेत, की त्या घेऊन उपाशीपोटी चाललं तर साखर एकदम उतरते. हात थरथरणं, थंडीतही दरदरून घाम, डोळ्यांपुढं अंधारी, उगाच चिडचिड, ही तिची लक्षणं. असं काही दिसलं की बसवायचं आणि तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजायची. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा साखर द्या आणि दवाखान्यात न्या. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ गाडी करा. साखरेची पुडी लेकीच्या खिशात द्या. आजीची जबाबदारी मिळाली, की पोरगी पुढं पळत नाही, हे मी शाळेत खूपदा बघितलंय.

दुसरं त्यांचे पाय. शुगर असलेल्या माणसाला पायाला लागलेलं बऱ्याचदा कळत नाही, कधी बाभळीचा काटा आत मोडला तरी दुखत नाही. म्हणून त्यांनी अनवाणी चालायचं नाही, चपलेतही नाही. सुती मोजे आणि बोटं मोकळी राहतील असे बूट हवेत. रोज रात्री तळपाय तुम्ही कंदिलाखाली नाही तर बॅटरीच्या उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. लुगडं नेसूनच यायचं म्हणाल्या तर येऊ द्या, काष्टा घट्ट असला म्हणजे झालं. बारामतीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत धावल्या, त्याही अनवाणी. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून. त्यांच्या अनवाणी पायांची नक्कल मात्र करू नका.

लेकीला शाळेचे कॅनव्हासचे बूट चालतील. नवे घेतले तर दोन आठवडे आधीच घालायला लावा. माझ्या लेकीचे त्या दिवशी कोरे होते.

लोकांचं म्हणाल, तर बोलतील. पहिला आठवडा बोलतील. मी वर्गातल्या मुलींना पटांगणावर उतरवलं, तेव्हा पारावरची माणसं उठून बघायला यायची. महिन्याभरात त्यातल्या दोघांनी आपल्या पोरी पाठवल्या. सासूबाई सोबत असताना तुम्हाला तोंडावर कोण काय म्हणणार?

त्या दिवशी निघायच्या दीड तास आधी एखादं केळं नाही तर अर्धी भाकरी खा. चहा घ्या. हरभऱ्याची उसळ आणि तर्री-पोहे नंतर. फक्कीच्या रेघेजवळ पुढं उभं राहू नका. शिट्टी झाली की पोरं वासरासारखी उधळतात आणि धक्का लागून बायामाणसं पडतात. सगळ्यात मागं थांबा, गर्दी निघू द्या, मग चला. आणि चेस्ट नंबरला चार पिना लागतात, बहुतेक ठिकाणी दोनच देतात. तुम्ही पाच जण आहात, दहा पिना घरूनच न्या.