आरतीच्या ट्रॅकवर पिच शिफ्टर लावला की आवाज चिरका आणि घुमट पत्र्याच्या डब्यासारखं का वाजतं?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो, कारण चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की दरवर्षी कोणी ना कोणी हेच घेऊन माझ्याकडे येतं. तुमच्या मंडळाच्या बुवांनी गायलेल्या आरत्या काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा 'सा' धरून) रेकॉर्ड आहेत, आता त्याच साथीवर मुली गाणार, त्यांची पट्टी काळी चार, म्हणून तुम्ही अख्ख्या स्टिरिओ फाइलवर पिच शिफ्टर, म्हणजे सूर वर-खाली करणारा प्लगइन, टाकून ७ सेमीटोन (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढवले आणि बुवांचा आवाज लहान पोरासारखा झाला, बरोबर ना? मी गोव्यात डिचोलीला असतो, घरातल्याच एका खोलीत आरत्या, भजनं, नाटकाचं पार्श्वसंगीत रेकॉर्ड करतो, त्यामुळे हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

आधी एक सांगतो, प्लगइन खराब नाहीये, दुसरा महागातला घ्यायला जाऊ नका. ७ सेमीटोन चढवले म्हणजे फाइलमधली प्रत्येक कंपनसंख्या जवळजवळ दीडपट होते. सूर दीडपट होणं आपल्याला हवंच आहे, पण त्याच्याबरोबर माणसाच्या घशाचा नि तोंडाचा जो घुमारा असतो तोही दीडपट वर जातो, आणि तिथे सगळं बिघडतं. घुमटाचंच बघा, म्हणजे मातीच्या मडक्याच्या तोंडावर चामडं ताणून केलेलं आपलं तालवाद्य. पावसात चामडं सैल पडलं की आपण त्याला ऊन किंवा शेक दाखवतो, चामडं ताणलं जातं, थाप चढते, पण मडकं आहे तेवढंच राहतं, म्हणून कान लगेच ओळखतो की हे तेच घुमट. साधा पिच शिफ्टर नुसतं चामडं ताणत नाही, तो मडकंच लहान करून टाकतो. मोठ्या पुरुषाची कंठापासून ओठापर्यंतची नळी साधारण १७ सेंटिमीटरची असते, दीडपट चढवली की ती ११ सेंटिमीटरची असल्यासारखी ऐकू येते, म्हणजे बुवा खरोखरच लहान मूल होतात. ह्या घुमाऱ्याला फॉर्मंट म्हणतात, आणि आवाजासाठी प्लगइन निवडताना फॉर्मंट जागेवर ठेवायची सोय त्यात आहे का एवढंच मी आधी बघतो. रीपर ह्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या रीपिचमध्ये ती आहे, लिटल ऑल्टरबॉय नावाच्या प्लगइनमध्ये पिच आणि फॉर्मंटच्या दोन वेगळ्या चकत्याच आहेत. पण हे सगळं एकट्या आवाजावर नीट चालतं. तुमच्या फाइलमध्ये आवाज, पेटी, घुमट, कासाळं (झांजा) सगळी खिचडी आहे, त्यातून बिचाऱ्या प्लगइनने कोणाचं मडकं सांभाळायचं?

घुमटाचं कारण मात्र वेगळं आहे. लांबी तीच ठेवून सूर चढवायचा तर प्लगइन आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो आणि जागा भरायला काही तुकडे परत वापरतो. लांब सुराला ते कळतही नाही, पण थापेचा पहिला फटका काही मिलिसेकंदांचाच असतो, तो नेमका परत आला की थाप दोनदा पडल्यासारखी वाटते. माझ्या हातून हे एकदा झालंय. एका मंडळाचा अख्खा ट्रॅक मी ४ सेमीटोन चढवून दिला, हेडफोनवर बरा वाटला, आणि चवथीच्या आदल्या रात्री घुमट वाजवणाऱ्या काकांचा फोन आला, "अरे बाबा, हा हात माझा नाही." त्यांना दुसरं काही सांगायची गरजच नव्हती. रात्री अडीचपर्यंत बसून घुमट मूळ ट्रॅकवरून परत घेतलं, तेव्हापासून तालवाद्याला मी पिच शिफ्टर लावतच नाही.

म्हणून तुम्ही असं करा. ज्यांनी रेकॉर्ड केलंय त्यांच्याकडून सुटे ट्रॅक मागा, प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल, रिव्हर्ब (कृत्रिम प्रतिध्वनी) न लावलेली. तीच नसेल तर अल्टिमेट व्होकल रिमूव्हर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याने निदान आवाज आणि साथ वेगळी होते, थोडे ओरखडे राहतात पण काहीच नसण्यापेक्षा बरं. सुटे ट्रॅक मिळाले तर घुमट, शामेळ (घुमटाच्या साथीचं तालवाद्य), कासाळं अजिबात हलवू नका, आपण ती षड्जाला जुळवून वाजवत नाही त्यामुळे पट्टी बदलली तरी कानाला खटकत नाहीत (तबला असेल तर गोष्ट वेगळी, तो काळी चारचा घेऊन परत वाजवूनच घ्या). तानपुरा अ‍ॅपवर नवीन पट्टीत पाच मिनिटांत होतो, तो कशाला ओढत बसायचा.

राहिली पेटी. इथे माझा सगळ्यात आवडता उपाय आहे तो सांगतो, काळी चार म्हणजे काळी एकचा पंचम, मग वरच्या पंचमाला जायला ७ सेमीटोन चढण्यापेक्षा खालच्या पंचमाला ५ उतरा, पट्टी तीच मिळते आणि मोडतोड कमी होते. पेटी जरा जाड वाटेल, खालचा गुरगुराट इक्वलायझरने थोडा काढा. अर्थात पेटीवाले गावातच असतील तर त्यांना बोलवून अर्ध्या तासात परत वाजवून घेणं केव्हाही चांगलं, ५ सेमीटोन हलवलेली पेटी कितीही केलं तरी भात्याचा श्वास थोडा हरवतेच.

आणि एक, पिच शिफ्ट आणि पिच करेक्शन एक समजू नका, खूप लोक गोंधळ करतात. शिफ्टर सगळ्या सुरांना एकाच पटीने हलवतो म्हणून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं), आंदोलन जसंच्या तसं राहतं, करेक्शनवाला प्रत्येक सूर जवळच्या ठरलेल्या सुरावर नेऊन बसवतो आणि बुवांची मींड जिन्याच्या पायऱ्यांसारखी होते. शिफ्टर नेहमी कॉम्प्रेसर (आवाजाचे लहान-मोठे चढउतार आवरणारा), रिव्हर्बच्या आधी लावा. मुलींचा कोरस भरगच्च हवा म्हणून कोणी डावीकडे ९ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) खाली, उजवीकडे ९ सेंट वर अशी कॉपी लावायला सांगेल, हेडफोनवर सुंदर वाटतं, पण देवळातले भोंगे बहुतेक मोनो (डावं-उजवं एकत्र) असतात आणि तिथे त्याच कॉप्या एकमेकींत मिसळून आवाज पोकळ होतो, तेव्हा मोनो करून ऐका मगच ठेवा.

बुवांचा आवाज ठेवायची तुमची इच्छा आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते वाचून खरंच बरं वाटलं. तो मात्र एक सेमीटोनसुद्धा हलवू नका. सुरुवातीचं कडवं त्यांचं, काळी एकमध्ये, मागे फक्त तानपुरा, घुमट नाही पेटी नाही. कडवं संपलं की तानपुऱ्याचा पंचम तसाच वाजत राहू द्या, खालचा षड्ज हळूहळू काढून घ्या, आता तो पंचम म्हणजेच मुलींचा षड्ज झाला, दोन आवर्तनं तेवढंच ठेवा, मुलींना सूर आपोआप सापडेल, आणि मग घुमटाची पहिली थाप येऊ द्या.