३०१८ सीएनसीवर बसवायला कोणतं डायोड लेझर मॉड्यूल घ्यावं?

तुमच्याकडे ३०१८ आहे, म्हणजे टेबलावर मावणारं, संगणकाच्या आज्ञांवर कोरकाम करणारं छोटं मशीन. त्यावर लेझर बसवून तुम्हाला ३ मिमी प्लायवुड कापायचंय, लाकडावर नावं कोरायचीयत आणि निवड १५, ४० की ८० वॅट यांत अडकलीय. जाहिरातीतले हे आकडे आधी विसरा. बहुतेक वेळा मॉड्यूल किती वीज खातं ते त्यात सांगितलेलं असतं, आणि कधीकधी तेही फुगवलेलं. बघायची ती ऑप्टिकल पॉवर, म्हणजे लेन्समधून प्रत्यक्ष बाहेर पडणारा प्रकाश. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा डायोड एकटा साधारण ५ ते ६ वॅट देतो. १० वॅटच्या मॉड्यूलमध्ये असे दोन डायोड बसवून त्यांचे किरण एकत्र केलेले असतात, २० वॅटच्यात चार. म्हणजे एका डायोडचं '४० वॅट' मॉड्यूल खरं तर ५ वॅटचंच. संशय आला तर व्होल्ट गुणिले अँपिअर करून बघा. १२ व्होल्टवर २ अँपिअर घेणारं मॉड्यूल २० वॅट प्रकाश देणं शक्यच नाही. आत गेलेल्या विजेतला ढोबळ पाव ते तिसरा हिस्साच प्रकाश होतो, बाकीची उष्णता. ऑप्टिकल आउटपुट कुठेच लिहिलेलं नसेल तर मी ते मॉड्यूल घेत नाही.

तुमच्या मशीनसाठी मी ५ वॅट ऑप्टिकल घेईन, आणि कापायचं काम जास्त असेल तर १०. त्याच्या वर जाऊ नका. कारण मशीनमध्येच आहे: ३०१८ चे अक्ष स्क्रूवर चालतात, मिनिटाला हजार-दोन हजार मिलिमीटरच्या पुढे ते दमतं. बेल्टवर पळणाऱ्या एनग्रेव्हरला जास्त ताकद मानवते, कारण तो त्याच प्रमाणात वेग वाढवू शकतो. तुम्ही २० वॅट लावून नावं कोरायला गेलात तर वेग वाढवता येणार नाही, मग पॉवरच दहा-पंधरा टक्क्यांवर आणून बसावं लागेल. कापताना मात्र मशीन तसंही हळूच चालतं. ५ वॅटला ३ मिमी प्लायला काही फेऱ्या लागतील, पण तुमच्याकडे झेड अक्ष आहे. दर फेरीला थोडं खाली उतरवत न्या म्हणजे फोकस कापातच राहील. एअर असिस्टची सोय असलेलंच मॉड्यूल घ्या. हवेचा झोत धूर बाजूला करतो, त्याने कड कमी काळवंडते आणि लेन्सही वाचते.

बारीक अक्षरांसाठी वॅटपेक्षा ठिपक्याचा आकार बघा. डायोडमधला प्रकाश एका पातळ पट्टीतून निघतो, त्यामुळे ठिपका गोल न पडता लांबट पडतो. आडवी रेघ बारीक आणि उभी जाड, किंवा मॉड्यूल फिरवून बसवलं की उलट. एफएसी लेन्स (किरण ज्या दिशेला जास्त पसरतो तिथे त्याला आवरणारी छोटी लेन्स) असलेल्या मॉड्यूलमध्ये हा फरक बराच कमी होतो.

वायरिंगमध्ये घाई नको. तीन वायरींचं मॉड्यूल घ्या: पुरवठा, ग्राउंड आणि पीडब्ल्यूएम (झपाझप चालू-बंद होऊन पॉवर कमी-जास्त करणारा सिग्नल, याला टीटीएलही म्हणतात). पीडब्ल्यूएमची वायर ५ व्होल्टच्या सिग्नलसाठी असते. बोर्डाच्या स्पिंडल (कोरायचं पातं फिरवणारी मोटर) आउटपुटवर पुरवठ्याचा पूर्ण व्होल्टेज तुकड्या-तुकड्याने येतो, बऱ्याच ३०१८ वर तो २४ व्होल्ट असतो. तो त्या वायरीला जोडलात तर मॉड्यूलचा ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा. बोर्डावर लेझरसाठी वेगळा कनेक्टर असला तरी मल्टिमीटर लावून बघा, मगच जोडा. मॉड्यूल १२ व्होल्टचं असेल तर त्याला वेगळा अडॅप्टर द्या, फक्त दोन्हीकडचं ग्राउंड एकत्र हवं.

बोर्डात जीआरबीएल १.१ (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर सेटिंग $३२ ला १ द्या, म्हणजे लेझर मोड सुरू होतो. नाहीतर पॉवर बदलली की मशीन क्षणभर थांबतं आणि तिथे काळा ठिपका उमटतो. संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधली कमाल पॉवर बोर्डातल्या $३० (कमाल मर्यादेची सेटिंग) शी जुळली पाहिजे. कोरायला एम४ (लेझर चालू करायची एक आज्ञा) वापरा. त्यात वेग कमी झाला की पॉवरही उतरते, कोपरे करपत नाहीत.

मिलिंग करताना मॉड्यूल काढूनच ठेवा. लाकडाचा भुसा लेन्सवर बसला की तिथेच जळून चिकटतो, आणि मग लेझर 'कमजोर झाला' असं वाटायला लागतं.

मॉड्यूलबरोबर येणाऱ्या हिरव्या प्लॅस्टिकच्या चष्म्यावर विसंबू नका. ०.५ वॅटच्या वरचा लेझर क्लास ४ मध्ये मोडतो, म्हणजे नुसत्या परावर्तित प्रकाशानेही डोळा जाऊ शकतो. चष्म्यावर ४५० नॅनोमीटरचा पट्टा आणि ओडी (चष्मा प्रकाश किती अडवतो त्याचं माप) ५ किंवा जास्त असं छापलेलं हवं. ओडी ५ म्हणजे प्रकाशाचा लाखावा भाग आत येतो. खोलीत दुसरं कोणी असेल तर त्यालाही चष्मा द्या. मशीन चालू असताना उठून जाऊ नका, प्लाय पेट घेतं.

आणि पुढेमागे रेक्झिन कापावंसं वाटेल, तर ते बहुधा पीव्हीसीचं असतं. त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो. छातीला तर वाईटच, वर मशीनचे स्क्रूही गंजतात. पारदर्शक ॲक्रिलिकचं तर नावच नको, निळा किरण त्यातून सरळ आरपार जातो.