वाघोलीच्या पाण्याला जबाबदार कोण?

प्रश्न : आमची वाघोली २०२१ मध्ये पुणे शहराच्या हद्दीत आली. कर शहराचा लागला, टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, पण आमच्या सोसायटीत पाणी अजून टँकरचेच येते. बांधकामाला परवानगी एका कार्यालयाने दिली आणि पाण्यासाठी बोट दुसऱ्याकडे दाखवले जाते. त्यापेक्षा सगळा परिसर मिळून एकच मोठी महापालिका का करू नये?
– एक वाचक, वाघोली

उत्तर : आपली अडचण हद्दीची कमी आणि अधिकारांच्या वाटणीची अधिक आहे. ३० जून २०२१ रोजी वाघोलीसह २३ गावे पुणे महापालिकेत आली. मात्र पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने त्या गावांच्या नियोजनाचे अधिकार पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे पीएमआरडीएकडे सोपवले. कोणत्या जमिनीवर किती मजले चढणार हे एका संस्थेने ठरवायचे आणि तिथे राहायला येणाऱ्यांच्या पाण्याची, मैलापाण्याची सोय दुसरीने करायची, अशी ही विचित्र वाटणी होती. विकास शुल्क जिथे जमा होते तिथे जलवाहिनीची जबाबदारी नसेल, तर टँकरवाल्यांचे फावणारच.

एकच महापालिका हा उपाय मात्र पटत नाही. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करावी लागली. मग मावळ-मुळशीचे डोंगरही पुण्याच्या सभागृहातून कसे चालवणार?

राज्यघटनेने वेगळा मार्ग सुचवला आहे. ७४व्या घटनादुरुस्तीतील अनुच्छेद २४३ झेडई नुसार दहा लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती असावी लागते, आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक व पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. पाण्याचे वाटप हा विषय घटनेने या समितीच्या कामात नावानिशी घातला आहे. पुण्याच्या बाबतीत त्याला फार महत्त्व आहे, कारण खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे पाणी शहरही पिते आणि त्यावर दौंड-इंदापूरची शेतीही भिजते. वाघोलीत नवी इमारत उभी राहते तेव्हा इंदापूरच्या आवर्तनाचाही, म्हणजे शेतीसाठी पाळीपाळीने सोडल्या जाणाऱ्या धरणाच्या पाण्याचाही, प्रश्न निघतो. दोन्हीकडचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसण्याची जागा ही समितीच असू शकते.

महाराष्ट्राने १९९९ मध्ये त्यासाठी कायदाही केला. पण प्रत्यक्षात वजन राहिले ते पीएमआरडीएचे, ज्याचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात आणि कारभार अधिकारी पाहतात. त्यातच मार्च २०२२ नंतर जवळपास चार वर्षे पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते. मग समितीवर निवडून देणार कोण आणि कोणाला?

आता सभागृह पुन्हा अस्तित्वात आले आहे. आपल्या नगरसेवकांना दोन गोष्टी लेखी विचारा : समितीची बैठक केव्हा होणार, आणि आपल्या भागातून जमा झालेल्या विकास शुल्कापैकी किती रक्कम पाणीपुरवठ्यावर खर्च झाली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर तोच प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जातून पीएमआरडीए आणि महापालिका या दोघांनाही वेगवेगळा विचारा.