वॉटर पार्कला न गेलेला मुलगा

"मॅडम, माझा मुलगा शाळेत खोटं बोलला," एवढं सांगून ती आई माझ्या समुपदेशनाच्या खोलीतल्या खुर्चीत बसली आणि रडायलाच लागली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा साडेपाच वर्षांचा, मोठ्या शिशूत. सोमवारी बाईंनी मुलांना गोल बसवून विचारलं होतं, रविवारी कोणी काय केलं? यानं सांगितलं, आम्ही वॉटर पार्कला गेलो आणि बाबा माझ्याबरोबर मोठ्या घसरगुंडीवर बसले. बाईंनी ते कौतुकानं आईच्या कानावर घातलं. हे कुटुंब वॉटर पार्कला कधी गेलेलंच नव्हतं.

पुण्यात धनकवडीला दोन खोल्यांचं घर, धाकटी मुलगी तीन वर्षांची. वडील स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला, आई घरी फॉल-पिको करते. घराचा हप्ता आणि शाळेची फी गेली की हाताशी फारसं उरत नाही. तरी महिन्यातून एकदा ते मुलांना मॉलमध्ये नेत आणि दीड हजार रुपये संपवून, एकमेकांशी न बोलता परत येत. "बाकीच्यांची मुलं कुठं कुठं जातात. आमच्या मुलांच्या वाट्याला काहीच येत नाही का?" असं तिनं विचारलं. हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो, आणि तो विचारणाऱ्या आईवडिलांबद्दल मला नेहमीच माया वाटते.

खोटं बोलण्याचं मी आधी निस्तरलं. पाच-साडेपाच वर्षांच्या मुलाच्या मनात 'झालं' आणि 'व्हावंसं वाटतं' यांच्यामधली भिंत अजून कच्ची असते. त्याला रागवू नका, "तुला जावंसं वाटतंय ना?" एवढंच म्हणा, असं मी सांगितलं. त्या गोष्टीतलं एक वाक्य मात्र मी वहीत लिहून ठेवलं होतं. बाबा माझ्याबरोबर बसले.

पुढच्या वेळी वडील आले. आधी गप्पच होते. मग म्हणाले, "पोरगं मॉलमध्ये एखाद्या खेळाकडे बोट दाखवतं, तेव्हा मी खेळ बघतच नाही. पाटीवरचा आकडा वाचतो. मग उगाच चिडतो." मी त्यांना वहीतलं ते वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ वर केली नाही.

यानंतर माझी एक चूक झाली. मी त्यांना कमी खर्चाच्या ठिकाणांची यादी करून दिली. पेशवे उद्यानातली फुलराणी ही छोटी आगगाडी, १९५६ पासून पुण्यातल्या मुलांना फिरवणारी. सारसबागेतला तळ्यातला गणपती. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर, आठव्या शतकात खडकात कोरलेलं, दुपारीही आत गारवा. कात्रजचं प्राणिसंग्रहालय, तळजाईची टेकडी. यादी चांगली होती, आजही देईन. पण दोघं तीन आठवड्यांनी आले ते आणखी दमलेले. एकाच रविवारी फुलराणी, सारसबाग आणि शनिवारवाडा उरकले होते. अकराला निघाले, उन्हात रांगेत उभे राहिले, धाकटी झोपेच्या वेळेला किंचाळायला लागली आणि बाबा पुन्हा चिडले. मॉलची जागा माझ्या यादीनं घेतली होती. फक्त पैसे कमी लागले.

मग मी सगळी यादी बाजूला ठेवली आणि एकच सांगितलं. एक जागा निवडा आणि चार रविवार तिथंच जा.

त्यांना ते विचित्र वाटलं. मुलं कंटाळणार नाहीत का? मी विचारलं, रात्री गोष्ट कुठली सांगता? आई म्हणाली, रोज तीच, एक शब्द बदलला तरी भांडतो. या वयाच्या मुलांना नव्याची ओढ असतेच, पण पुढं काय येणार हे आपल्याला ठाऊक आहे यातला आनंद त्यांना त्याहून मोठा असतो. मोठ्यांनी चालवलेल्या जगात ते तेवढ्यापुरते जाणकार होतात. एकदाच पाहिलेल्या जागेत हे घडत नाही.

त्यांनी पर्वतीची टेकडी निवडली. स्कूटरवरून जवळ, देवळापर्यंत चढायला तिकीट नाही, पायऱ्या रुंद. घरून सातला निघायचं आणि धाकटी पेंगायच्या आत, साडेनऊला घरी. डब्यात पोळीचा लाडू, पाण्याची बाटली, एक टॉवेल, धाकटीचा जादा कपड्यांचा जोड. बाबांचा फोन आईच्या पिशवीत, आणि फोटो फक्त उतरताना, एकच. चढण्याचा वेग मुलांचा. धाकटी मुंग्यांपाशी दहा मिनिटं बसली तर दहा मिनिटं तिथंच. देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, हे मोठ्यांना बोलायला. मुलांना त्याची घाई नाही.

पहिल्या रविवारी मुलानं तिसाव्या पायरीवर बसून विचारलं, वॉटर पार्क कुठाय? आईनं मला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिचा आवाज पडलेला होता. मी म्हटलं, पुढच्या रविवारी जा.

पायऱ्या १०३ आहेत. मुलगा एकोणतीसपर्यंत नीट येई आणि तिथून थेट चाळीसवर उडी मारी, त्यामुळे दर वेळी उत्तर वेगळं. बाबांनी चूक दुरुस्त केली नाही, आपणही मोठ्यानं मोजू लागले आणि एका रविवारी मुद्दाम अडखळले. मुलगा थांबला. "बाबा, एकोणतीसनंतर तीस!" हे मला वडिलांनीच सांगितलं. सांगताना त्यांचा चेहरा किती उजळला होता! त्या वाक्याला पैसा लागला नव्हता, पण चार रविवार लागले होते.

तिसऱ्या खेपेपासून एक कान फाटलेला कुत्रा पायथ्याशी भेटू लागला. मुलं लांबूनच, बाबांच्या हातानं, त्याला एक बिस्कीट टाकत. उतरल्यावर कधी मंडईत जात आणि मोठ्याच्या हातात वीस रुपये देत. त्याला हवी ती भाजी त्यानं घ्यायची आणि घरी तीच करायची. एकदा त्यानं मुळा आणला. आई म्हणाली, घरात कोणी मुळा खात नाही, पण त्या दिवशी सगळ्यांनी खाल्ला.

सगळं सरळ झालं असं नाही. एका रविवारी दुकानात स्टॉक मोजायचा होता, बाबा आलेच नाहीत आणि मुलानं दिवसभर घर डोक्यावर घेतलं. महिनाअखेरीला हप्त्यावरून दोघांचं अजूनही वाजतं. त्यावर आमचं वेगळं बोलणं चालू आहे.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. शाळेतल्या बाईंनी विचारलं होतं, तुमचा मुलगा सांगतो की फाटक्या कानाचा एक कुत्रा पर्वतीवर त्याची वाट बघतो, हे खरं का? "मी म्हटलं, हो बाई, अगदी खरंय," ती म्हणाली आणि हसली.

वॉटर पार्क मुलाच्या डोक्यातून गेलेलं नाही. जायलाही नको, हट्ट करायचंच वय आहे ते. घरात एक डबा ठेवलाय, त्यात दर रविवारी शंभर रुपये पडतात आणि मे महिन्यात जायचं ठरलंय. मुलाला फक्त एक काळजी आहे, त्या रविवारी कुत्र्याला बिस्कीट कोण देणार? बाबांनी सांगितलंय, सकाळी आधी पर्वतीवर जाऊन येऊ, मग निघू.