नवऱ्याच्या पोस्टिंगवर चीनला जाताय? आधी स्वतःच्या नावाचं सिम घ्या

प्रश्न असा होता: "आम्ही दोघंही अमेरिकन सिटिझन, मूळचे पुण्याचे. नवऱ्याला कंपनी सुझोऊला पाठवतेय. चायनीज येत नाही, शाकाहारी आहोत. नवरा-बायकोचं तिथलं रोजचं आयुष्य कसं असतं आणि मी दिवसभर तिथे काय करू?"

शेवटचा भाग वाचला आणि लिहायलाच घेतलं. तुम्ही हे स्वतःहून विचारताय, चांगलंय. मला हे दुसऱ्यांनी विचारलं होतं आणि उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं होतं, की काही करू नकोस, मस्त आराम कर.

आम्ही 2018 मध्ये मिशिगनहून सुझोऊला गेलो, 2023 मध्ये परत आलो. नवरा ऑटो पार्ट्समध्ये, त्याला झेड व्हिसा (नोकरीचा), मला एस-वन (नोकरीवाल्याच्या कुटुंबाचा). गूगल-व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही, व्हीपीएन इथूनच टाकून न्यायचा, नळाचं पाणी प्यायचं नाही, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. शहर सुंदर आहे, इंडस्ट्रियल पार्कचा भाग 1994 पासून सिंगापूरच्या मदतीने बांधत आणलाय, रुंद फूटपाथ, जिंजी लेकभोवती संध्याकाळी अर्धं गाव चालायला येतं, रात्री बारालाही एकटी बाई बिनधास्त फिरू शकते, हे मला डेट्रॉइटमध्ये कधी जमलं नाही. शांघाय ट्रेनने अर्ध्या तासावर. थंडी मात्र बोचते. हुआइ नदीच्या दक्षिणेला सरकारी सेंट्रल हीटिंग नसतं आणि सुझोऊ दक्षिणेत येतं, त्यामुळे बाहेर मिशिगनपेक्षा कितीतरी कमी थंडी असूनही घरात जास्त गारठायला होतं.

आता मुद्द्याचं. आमच्या डेट्रॉइटकडच्या मराठी लोकांत एक काका आहेत, फार वर्षांपूर्वी कंपनीतर्फे शांघायला राहून आलेले. आमचं जायचं ठरलं तेव्हा त्यांनी घरी बोलावून तासभर समजावलं. परदेशी लोकांच्या कंपाउंडमध्येच घर घ्या, कंपनी ड्रायव्हर देईल, कामाला आयी मिळेल (घरकामाच्या बाईला तिकडे आयी म्हणतात), आणि मला म्हणाले, "तू बँकबिंकेच्या भानगडीत पडू नकोस, सगळं ह्याच्याच नावावर असतं, तुला काय करायचंय?" कंपनीने नेमलेल्या एजंटचंही तेच. नवऱ्याला घेऊन बँकेत जायचं, सिम काढायचं, घराचा करार करायचा, बायकोचं नाव फक्त पोलिसांच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर. माझ्यासाठी सिम मागितलं तर म्हणे सरांच्या नावावर दुसरं काढून देतो, एकाच खेपेत काम होईल. आणि माझा नवरा, जो एरवी खरंच समजूतदार आहे, तोही म्हणाला की कशाला उगाच व्याप, काय लागेल ते मी पाठवत जाईन.

मी नाही ऐकलं. आणि अजूनही सांगते की त्या एका गोष्टीवर मी अडून बसले म्हणून माझी तिथली वर्षं माझी झाली.

कारण चीनमध्ये आयुष्य फोनवर चालतं हे सगळे सांगतात, पण तो फोन *कोणाच्या नावावर आहे* यावर चालतं हे कोणी सांगत नाही. सिम पासपोर्टवर रजिस्टर, बँक खात्याला ते सिम जोडलेलं, वीचॅट पे आणि अलीपे (फोनवरून पैसे द्यायची तिथली ॲप्स) त्या खात्याला जोडलेलं, आणि तिन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. आता आपली नावं बघा. माझं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, पासपोर्टवर ही सगळी मालगाडी. सिमवाल्या मुलीने माझं नाव आधी टाइप केलं आणि आडनाव शेवटी. बँकेतल्या मुलाने आडनाव आधी, मग माझं नाव आणि नवऱ्याचं नाव मध्ये जागा न सोडता एकत्र चिकटवलेलं. वीचॅट म्हणतंय माहिती जुळत नाही. बँक म्हणतेय आमच्याकडे बरोबर आहे. सिमवाली म्हणतेय आमच्याकडेही बरोबर आहे, आणि दोघांचंही खरं, कारण पासपोर्टवरचीच अक्षरं दोघांनी टाइप केलेली. शेवटी बँकेतल्या मुलाला सांगितलं की तुझ्या स्क्रीनवर माझं नाव जसं दिसतंय तसं मला कागदावर लिहून दे, कॅपिटलमध्ये, जिथे जागा आहे तिथे जागा सोडून. तो कागद घेऊन सिमच्या दुकानात गेले, काउंटरच्या पलीकडे वाकून त्या मुलीच्या बोटांकडे बघत एकेक अक्षर टाइप करून घेतलं. रात्री वीचॅटमध्ये खातं जोडलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात मी माझ्या पैशांनी दुधी घेतला. भाजीवालीने वर मूठभर कांद्याची पात फुकट टाकली, तिथे तशी पद्धतच आहे.

यात विशेष काय, असं तुम्हाला वाटेल. तर पुढे ऐका.

2020 च्या जानेवारीत, चायनीज न्यू इयरच्या आधी, नवरा कामासाठी मिशिगनला गेला, मी सुझोऊतच थांबले. मग वुहान झालं. महिनाअखेरीस अमेरिकेने चीनला जाऊ नका म्हणून सगळ्यात वरच्या पातळीचा इशारा दिला, फ्लाइट धडाधड रद्द झाल्या. फेब्रुवारीत सगळे म्हणाले तू निघून ये, आणि मार्च येईपर्यंत मिशिगनची अवस्था सुझोऊपेक्षा वाईट. पुण्याला आईबाबांकडे जावं तर 13 मार्चपासून भारताने ओसीआयवाल्यांचाही (म्हणजे आमच्यासारख्या मूळच्या भारतीय परदेशी नागरिकांचाही) प्रवेश थांबवला. आणि 28 मार्चला चीनने राहण्याचं व्हॅलिड परमिट असलेल्या परदेशी लोकांनाही दार बंद केलं. नवरा तिकडे, मी इकडे, ते थेट सप्टेंबरअखेरीस परमिटवाल्यांना परत यायला परवानगी मिळेपर्यंत, आणि त्यानंतरही टेस्ट, सोलवरून तिकीट, शांघायला हॉटेलात 14 दिवस क्वारंटाइन.

त्या काळात आमच्या सोसायटीचं एकच गेट उघडं, कपाळाला थर्मामीटरची गन, कुरिअरवाले आत नाहीत, गेटबाहेर रॅकवर सगळी पार्सलं. मी राहत होते ते परदेशी लोकांचं कंपाउंड नव्हतं, साधी चायनीज सोसायटी (यावरूनही काकांशी वाद झालाच होता). बिल्डिंगचा वीचॅट ग्रुप होता, त्यात भाज्यांची, अंड्यांची एकत्र ऑर्डर निघायची. मेसेज दाबून धरला की भाषांतर येतं, मग आपला फ्लॅट नंबर टाकायचा, पैसे पाठवायचे. माझ्याकडे माझं वीचॅट पे होतं म्हणून मी त्या ग्रुपमधली एक शेजारीण होते, कोणाची तरी अडकून पडलेली बायको नव्हते. नंतर हेल्थ कोड आले (कुठेही आत जाताना फोनवर दाखवायचा कोविडचा कोड), तेही फोन नंबर आणि पासपोर्टवर. माझ्या ओळखीची एक अमेरिकन बाई होती, ओहायोची, तिचं सिम नवऱ्याच्या नावावर, कोड काढला की नवऱ्याचं नाव यायचं, मॉलच्या दारात दर वेळी हातवारे आणि कागद दाखवणं. वर्षानुवर्षं चीनमध्ये राहिलेली बाई, आणि दारावरच्या गार्डसाठी ती कोणीच नाही.

आणि त्यातच आमचा भाडेकरार एप्रिलमध्ये संपत होता. करार नवऱ्याच्या नावावर. करार संपला की पोलिसांकडचं राहण्याचं रजिस्ट्रेशनही संपतं, आणि ते संपलेलं असणं त्या दिवसांत परवडणारं नव्हतं. एजंट म्हणाला सर आले की बघू. म्हटलं सर कधी येणार हे कोणाला माहितीये? मी घरमालकिणीला वीचॅटवर सरळ लिहिलं की करार माझ्या नावाने कर. ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली, मास्क लावून, दारातच उभी राहिली, चपलांच्या कपाटावर कागद ठेवून आम्ही दोघींनी सह्या केल्या. मग तिच्याच स्कूटरवर मागे बसून पोलीस चौकीत. काचेपलीकडे एक तरुण पोलीस, त्याने पासपोर्ट बघितला, करार बघितला, विचारलं नवरा कुठेय, घरमालकीणच बोलली, अमेरिकेत अडकलाय, भाडं हीच देते. त्याने नाव टाइप केलं, मी म्हटलं थांब, आणि जागा कुठे सोडायची ते काचेवर बोटाने दाखवलं. रजिस्ट्रेशनचा कागद हातात आला तेव्हा घरमालकिणीने मला अंगठा दाखवला. घरी येऊन मी त्या कागदाचा फोटो नवऱ्याला पाठवला. "कशाला उगाच व्याप" हे वाक्य त्यानंतर त्याने कधी उच्चारलेलं नाही.

काका मात्र अजून म्हणतात की ती परिस्थिती वेगळी होती, अपवाद होता, तेवढ्यावरून नियम कशाला करतेस. मला हे पटत नाही. नवरा अडकायला महामारीच लागते का? तो आठवडाभर शेनयांगच्या प्लांटला गेला आणि तुम्हाला ताप आला तर? सरकारी हॉस्पिटलात आधी फोनवर नंबर लावायचा, आधी पैसे भरायचे, मग डॉक्टर, मग टेस्टचे पैसे, मग टेस्ट, रिपोर्ट परत फोनवर. दर पायरीला नवऱ्याला फोन करून ओटीपी मागणार का? काकूंनी शांघायमधली सगळी वर्षं ड्रायव्हरच्या गाडीतून कंपाउंड ते इम्पोर्टेड मालाचं दुकान आणि परत अशी काढली, आणि काकूंना त्या शहराबद्दल विचारलं तर सांगायला काही नसतं. काका म्हणतात ती सुखात होती. काकूंना कधी कोणी विचारलंय?

तर दिवसभर काय करायचं. नोकरी नाही करता येत, हे पक्कं. एस-वनवरच्या परमिटवर काम चालत नाही, आणि बऱ्याच अमेरिकन बायका मुलांना घरी इंग्लिश शिकवून पैसे घेतात ते बेकायदेशीर आहे, पकडलं तर 5 हजार ते 20 हजार युआन दंड, प्रकरण गंभीर धरलं तर 5 ते 15 दिवस कोठडी. नका करू. त्यातून आपल्या चेहऱ्याच्या माणसाला शिकवणीवाले तसेही नाकं मुरडतात, अमेरिकन पासपोर्ट दाखवला तरी "पण तुम्ही इंडियन ना" म्हणतात, आणि भाजीवालीपासून टॅक्सीवाल्यापर्यंत सगळ्यांना तुम्ही भारतीयच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, भारतीय म्हणून प्रेमानेच वागतात. भाषेचा क्लास पहिल्या महिन्यात लावा. मी सकाळी क्लास, मग बाजार, मग एखादी बाग असं करायचे. सुझोऊच्या बागा युनेस्कोच्या यादीत आहेत, पण सुट्टीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते, मंगळवारी-बुधवारी सकाळी जा. सुझोऊच्याच झेनहू भागात रेशमी भरतकाम करणाऱ्या बायका बसतात, एका धाग्याचे किती बारीक पदर काढतात ते जवळून बघा, माझा तिथून पाय निघायचा नाही.

शाकाहाराचं थोडक्यात. घरी काही अडत नाही, दुधी, कारलं, भेंडी, कमळकाकडी, पालेभाज्यांचे इतके प्रकार की नावं शिकता शिकता वर्ष जातं, तूरडाळ आणि मसाले ताओबाओवरून (तिथलं ऑनलाइन दुकान) किंवा शांघायहून. बाहेर त्रास आहे. मांस नको सांगितलं तरी फरसबीत डुकराचा खिमा येतो, कारण त्यांच्या लेखी ती भाजीच असते. शीयुआन मंदिरातल्या शाकाहारी नूडल्स डोळे मिटून खा. आणि मिक्सर अमेरिकेतला नेऊ नका, पिन बरोबर बसते म्हणून लोक लावतात, पण तिथे 220 व्होल्ट आहे.

काही गोष्टी बदलल्यात तेही सांगते. 2023 पासून परदेशी क्रेडिट कार्ड वीचॅट-अलीपेला जोडता येतं, 200 युआनपर्यंत फी नाही, वर 3 टक्के. म्हणजे पहिले दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा सोपे जातील. पण त्या कार्डाने माणसाला माणूस पैसे पाठवू शकत नाही, त्यामुळे बिल्डिंगच्या ग्रुपमध्ये किंवा घरमालकिणीला पैसे द्यायला खातं लागतंच, माझं म्हणणं बदलत नाही. तुमच्या नावाचं खातं झालं की अमेरिकेला कळवणंही आलं, परदेशातल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीही 10 हजार डॉलरच्या वर रक्कम गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकन सरकारचा फॉर्म) भरायचा, दोघांनी.

आणि लग्नाच्या सर्टिफिकेटचं आत्ताच बघा, एस-वनला ते लागतं. नोव्हेंबर 2023 पासून चीन अपोस्टिल (कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का) मानतो, त्यामुळे लग्न अमेरिकेत रजिस्टर झालं असेल तर आमच्या वेळचे दूतावासाचे हेलपाटे तुम्हाला नाहीत. पण लग्न पुण्यात रजिस्टर झालं असेल तर अमेरिकेतला अपोस्टिल चालणार नाही, आणि भारत-चीनमध्ये अपोस्टिल लागूही नाही, त्यामुळे शिक्के भारतातूनच, आधी मुंबईचं मंत्रालय, मग दिल्लीचं परराष्ट्र मंत्रालय, मग चीनचा दूतावास. पुण्यात धावपळ करणारं कोणी असेल तर त्यांना या आठवड्यातच कामाला लावा, आणि सर्टिफिकेटवरचं तुमचं नाव पासपोर्टशी जुळतंय का ते त्याआधी बघा.