क्लेमच्या डेटावरून स्तनाच्या कर्करोगाचा खर्च काढताना

तुमचा प्रश्न असा: टीपीएकडून (आरोग्य विम्याचे क्लेम हाताळणारी मधली कंपनी) ३ वर्षांचे निनावी क्लेम मिळालेत, त्यातले सी५० कोडचे, म्हणजे स्तनाच्या कर्करोगाचे, गाळून सरासरी काढली आणि 'मुंबईतला स्तनाच्या कर्करोगाचा उपचारखर्च' म्हणून प्रबंधात मांडली तर चालेल का. तशी मांडू नका. पण डेटा सोडूही नका, त्यात बरंच दडलंय.

आधी क्लेम मोजायचं सोडा, पेशंट मोजा. एकाच बाईचं पोर्ट (केमो देण्यासाठी त्वचेखाली बसवायची नळी) बसवणं, केमोच्या डे-केअरच्या फेऱ्या, ऑपरेशन, रेडिएशन असे वेगवेगळे क्लेम येतात. शिवाय केमोच्या क्लेमवर बरेचदा पहिला कोड झेड५१.१ (केमोसाठी येणं) असतो आणि सी५० दुय्यम रकान्यात. फक्त पहिला रकाना गाळलात तर ऑपरेशनं हाती लागतील, केमो निसटेल. मेंबर आयडीवर सगळं जोडा आणि आधीच्या वर्षभरात कर्करोगाचा एकही क्लेम नसलेल्या बायकाच नव्या पेशंट धरा.

हॉस्पिटलचं बिल, मंजूर रक्कम आणि दिलेली रक्कम यांतलं काय वापरलंत ते स्पष्ट लिहा. रूम रेंटची मर्यादा ओलांडली की अनेक पॉलिसींत बाकीच्या बिलाचा काही भागही त्याच प्रमाणात कापतात. तो फरक घरच्यांच्या खिशातून जातो.

खरी मेख सम इन्शुअर्डमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या वर्षभराच्या कमाल रकमेत आहे. समजा ५ लाखांची पॉलिसी आहे. एप्रिलपासून क्लेम ओळीने येतायत, नोव्हेंबरात शिल्लक शून्य, आणि पुढे नूतनीकरणापर्यंत एकही नोंद नाही. फाइलमध्ये ही बाई उपचार संपलेल्या बाईसारखीच दिसते. प्रत्यक्षात ती हर-टू पॉझिटिव्ह असेल (गाठीत हर-टू हे प्रथिन जास्त असेल) तर त्यावरचं ट्रास्टुझुमॅब हे औषध साधारण वर्षभर, बहुधा दर ३ आठवड्यांनी घ्यायचं असतं. एक तर घरचे दागिने मोडून ते चालू ठेवतायत, नाहीतर ते थांबलंय. दोन्ही तुमच्या सरासरीत 'स्वस्त' म्हणून मोजलं जाईल, आणि हे मला फार लागतं. अशी मध्येच तुटलेली माहिती भरून काढायला बँग आणि त्सियाटिस या संख्याशास्त्रज्ञांची २००० सालची भारांची पद्धत (पूर्ण माहिती असलेल्या पेशंटना जास्त वजन देणारी) लोक सर्रास लावतात. पण माहिती तुटण्याचा खर्चाशी संबंध नाही, हे तिचं गृहीतक आहे. इथे ज्यांचा खर्च जास्त, त्यांचीच माहिती आधी तुटते. म्हणून सम इन्शुअर्डनुसार गट पाडा आणि मोठं कव्हर असलेल्यांचे आकडे वेगळे दाखवा.

कोडमधून स्टेज कळत नाही, हर-टूही नाही. अमेरिकेत कॅन्सर रजिस्ट्री (पेशंटची नोंदवही) मेडिकेअरच्या, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या, क्लेमना जोडतात, त्यामुळे तिथे स्टेज मिळते. तुम्हाला डिस्चार्ज समरीच वाचाव्या लागतील.

आणि शीर्षकातलं 'मुंबईतला' काढा. टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डातली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेणारी बाई या फाइलमध्ये बहुधा नाहीच. राज्य सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेतले खर्च पॅकेजच्या दराने ठरतात, तो हिशेबच वेगळा. टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी ५ ते १० वर्षं केमिस्टकडून घेतली जाते, तीही बहुतेक क्लेमबाहेरच.

टीपीएला लगेच मेल करून सम इन्शुअर्ड आणि प्रत्येक क्लेमनंतरची शिल्लक हे दोन रकाने मागून घ्या. दिले नाहीत तर विषय आवरा आणि फक्त ऑपरेशनच्या ॲडमिशनचं बिल अभ्यासा. ते या डेटातून नीट निघतं.